सोडलेला हात, विकलेला हात



एक प्रश्न घेऊन बसलोय. चळवळीतून काही दिवस बाजूला झालेला माणूस गद्दार असतो का?

प्रश्न जुना आहे. आपण त्याचं उत्तर विचार करून देत नाही, राग येईल तसं देतो. मीही दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी भिंगारला आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. पंचवीस-तीस पोरं बसलेली. त्यांच्यासमोर मी एका मित्राला म्हणालो, "तू विकला गेलास. गॅरेज टाकलंस, चार पैसे दिसले आणि चळवळीला पाठ दाखवलीस." त्याचा बाप, आमचे तात्या, तेव्हा दवाखान्यात होते. घरात कमावणारा तो एकटा. त्यानं सरळ सांगितलं होतं, सात-आठ महिने मला बैठकीला, मोर्च्याला धरू नका. मी ते ऐकून घेतलं नाही. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मी गिरणी कामगार. रिंग फ्रेमवर सूत काढतो. शाळा दहावीपर्यंत, पुढचं जे काय आलं ते पाळी संपल्यावर वाचून आलं. या प्रश्नाचं उत्तर मात्र पुस्तकात सापडलं नाही. ते एका जुन्या बुलेटच्या चिकटलेल्या क्लचमध्ये सापडलं. म्हणून तिथूनच सांगतो.

बुलेट माझ्या मामाची. भिंगार म्हणजे छावणी. नगरला (कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत चढताना आम्ही नगरच म्हणतो) रणगाडा दलाचं मोठं केंद्र आहे. त्यामुळं लष्करातून बाद झालेली यंत्रं आमच्या गल्लीबोळांत नेहमीच दिसायची. बुलेटचं तर नातंच सैन्याशी. कंपनी मूळची इंग्लंडची, पण आपल्या सैन्याला या गाड्या लागत होत्या म्हणून १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली. मामा छावणीतल्या एका वर्कशॉपात हेल्पर होता. निवृत्त होताना त्यानं लिलावातली एक गाडी घेतली. त्या काळी बुलेट म्हणजे वाड्यावरच्या, बागाईतदाराच्या पोरांची गाडी. आपल्या माणसानं तिच्यावर बसून भर बाजारातून जायचं म्हणजे तोंड न उघडता दिलेली घोषणाच होती. लोक वळून बघायचे. काहींच्या पोटात दुखायचं. मामा १४ एप्रिलला तिला निळा झेंडा लावायचा आणि मुद्दाम दोन चकरा जास्त मारायचा.

मामा वारला. गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली भिंतीला टेकून उभी राहिली. मागच्या डिसेंबरात माझ्या डोक्यात आलं, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जायचं तर मामाच्या गाडीवरच. नगर-पुणे रस्त्यानं सुपा, शिरूर, शिक्रापूर करत नव्वदेक किलोमीटर.

गाडी धुतली. जुनं पेट्रोल काढून नवं टाकलं. पॉइंट घासले, प्लग साफ केला. जुन्या बुलेटला किक मारायची एक रीत असते. अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढं सरकवायचा, मग किक. दहाव्या-बाराव्या किकला गाडी बोलली. अख्खी गल्ली गोळा झाली. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिच्या भावाचा आवाज होता तो.

मी क्लच दाबला, पार मुठीपर्यंत. पहिला गिअर टाकला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. गिअर पडला आणि गाडीनं उडी मारली. क्लच दाबलेला असताना उडी मारली. समोरच्या दारातल्या पाण्याच्या पिंपावर आदळली आणि बंद पडली. पिंपाच्या मागं शेजारच्या ताईची चार वर्षांची पोरगी उभी होती. पिंप मधे होतं म्हणून पोरगी वाचली. माझे पाय अर्धा तास कापत होते. ताई काही बोलली नाही. पोरीला उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इंजिनाची ताकद चाकाला थेट जात नाही. मधे प्लेटींची एक चळत असते. एक प्लेट इंजिनाच्या बाजूची, एक गिअरच्या बाजूची, पुन्हा एक इंजिनाची, अशा एकाआड एक. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. दाबलेल्या असल्या की सगळ्या मिळून फिरतात आणि ताकद चाकाला जाते. डाव्या हातातली लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा जोर मागं हटतो, प्लेटी केसभर सुट्या होतात. इंजिन चालूच राहतं, चाक मोकळं होतं. तेवढ्या वेळात गिअर बदलायचा, नाहीतर सिग्नलला थांबायचं, नाहीतर पुढं आलेल्या पोराला वाचवायचं. मग लिव्हर हळूहळू सोडली की पुन्हा पकड.

प्लेटी तेलात असतात. गाडी चालती असली की तेलही खेळतं राहतं. गाडी वर्ष-दोन वर्षं उभी राहिली की दाबलेल्या प्लेटींमधलं तेल घट्ट होतं, गोंदासारखं बसतं. मग लिव्हर दाबली, स्प्रिंगा मागं हटल्या, तरी प्लेटी सुटत नाहीत. वरून सगळं ठीक दिसतं. इंजिन चांगलं, चाक चांगलं, लिव्हर चांगली. पण माणसाला थांबायचं असलं तर इंजिन मारण्याशिवाय वाट नाही. धावायचं नाहीतर मरायचं, तिसरं काही त्या गाडीला येत नाही.

गिरणीत एकानं उपाय सांगितला. "मोकळ्या रस्त्याला ने. ढकलून दुसऱ्या गिअरात चालू कर. क्लच दाबून धर आणि अ‍ॅक्सिलेटर दे-सोड, दे-सोड कर. झटक्यानं सुटतो." खरं आहे, सुटतो. रात्रीची पाळी संपल्यावर पाथर्डी रस्त्याला मी तेच केलं. पाचव्या-सहाव्या झटक्याला खट्कन आवाज आला आणि प्लेटी सुटल्या. मला वाटलं, जिंकलो. चार दिवस गाडी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कारण आतलं चिकट तेल होतं तिथंच होतं. झटक्यानं प्लेट सुटते, पण जे तिला चिकटवतं ते जात नाही. आणि तो झटका खातं कोण? चेन खाते, गिअरचे दाते खातात. ज्यांचा काही गुन्हा नाही ते खातात.

मग माझ्यापुढं एकच दार उरलं. भिंगारात जुन्या बुलेटवर हात बसलेली माणसं मोजकी. त्यात सगळ्यात चांगला हात त्याचा, मी ज्याला विकला गेलास म्हणालो होतो त्याचा.

न्यूट्रलला टाकून गाडी ढकलत नेली. वाटेत दोनदा मागं फिरायचं मनात आलं. तो खाली बसून कुणाच्या तरी स्कूटरचं चाक काढत होता. त्यानं वर बघितलं. आधी गाडीकडं, मग माझ्याकडं.

"मामाची?"

"हो. क्लच चिकटलाय."

"किती दिस उभी व्हती?"

"दोन वर्षं."

"मग चिकटनारच. गाडी चालवून जेवढी खराब होत न्हाई तेवढी उभी राहून होती. केबल बघितली का?"

"नाही."

"आधी बाहेरचं बघायचं, भावा. इंजिनाच्या पोटात हात घालायच्या आधी केबल बघायची."

केबल बघितली. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील पाहिजे. फार ढिली असेल तर दाबूनही प्लेटी पुऱ्या सुटत नाहीत, आणि दोष मात्र प्लेटींवर येतो. केबल बरोबर होती. मग इंजिन बंद ठेवून त्यानं मला लिव्हर दाबायला लावली आणि स्वतः हातानं किक खाली दाबली. या जुन्या गाडीत किक क्लचमधूनच इंजिनाकडं जाते. लिव्हर दाबल्यावर प्लेटी सुटल्या तर किक पोकळ जाते. ती जड लागत होती. "बघ," तो म्हणाला, "हात सोडलाय आसं वरून दिसतंय. आत सुटलेला न्हाई."

त्यानं ट्यूबचा तुकडा घेऊन लिव्हर मुठीला बांधून टाकली. रातभर राहू दे म्हणाला. कधीकधी एवढ्यानंच होतं, तेल आपसूक वाट सोडतं. सकाळी गेलो, पुन्हा किक दाबून बघितली. फरक होता, पण पुरा नाही. मग उघडायचं ठरलं.

डाव्या बाजूचं पायदान काढलं. जुन्या बुलेटचं ते मोठं झाकण मधल्या एकाच नटावर असतं. नट काढला, झाकण निघालं, खाली घमेल्यात तेल पडलं. काळं, काकवीसारखं. स्प्रिंगा सोडल्या, वरची प्लेट काढली. आतल्या प्लेटी एक-एक न येता दोन-दोन, तीन-तीन एकत्र आल्या. मी पान्यानं हाणायला निघालो तर त्यानं माझं मनगट धरलं. "हानू नको. लोखंड मोडलं न्हाई, तेल वाळलंय." मग बोथट पातं कडेनं फिरवत एकेक प्लेट सोडवली. डिझेलमध्ये धुतली. आरशावर ठेवून बघितली. सपाट प्लेट आरशावर गप बसते, वाकडी झालेली डुगडुगते. एक डुगडुगली, ती बदलली. ड्रमच्या खाचांत प्लेटींच्या कानांनी घरं पाडली होती. प्लेट सुटायला गेली की तिथंच अडकायची. त्यानं कानशीनं ती घरं मारली, हळू, दोन्ही बाजूंनी सारखी. सगळं परत बसवलं, नवं तेल घातलं. किक दाबली. पोकळ गेली.

तीन वर्षांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तात्या काठी टेकत आतून आले आणि म्हणाले, "चहा घेऊन जा रं." मी पैसे विचारले. मनात होतं, दोस्तीतलं काम, तो नको म्हणेल. तो म्हणाला, "प्लेटीचे आन तेलाचे दे. आन हाताचे बी पुरे दे. फुकटात राबायची वतनं बाबासाहेबांनी मोडायला लावली." मी पुरे दिले.

घरी आलो आणि त्या रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. क्लचमध्ये धरून ठेवायचं काम स्प्रिंग करते. धरायला माणूस लागत नाही. सोडायला मात्र माणसाचा हात लागतो, स्प्रिंगेच्या जोराविरुद्ध. आपण चळवळीत नेमकं उलटं मानत आलो. घट्ट धरलं की तो निष्ठावंत, त्याला कष्ट पडले. सोडलं की तो लेचापेचा. पण रागाची स्प्रिंग आपल्याला जन्मतःच मिळालेली आहे. ती आपोआप दाबते. राग आला, घोषणा दिली, दगड उचलला, यात मी काही कमावलेलं नाही. वेळ बघून, पुढचं बघून, इंजिन चालू ठेवून हात सोडायचा, हे शिकावं लागतं.

गिरणीत हेच रोज करतो आणि मला कधी कळलं नव्हतं. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या फिरत असतात. एका चातीवरचा धागा तुटला तर अख्खी फ्रेम बंद करत नाहीत. त्या एका चातीला ब्रेक असतो. ती थांबवायची, धाग्याचं टोक शोधायचं, सांधा लावायचा, सोडायची. बाकीच्या फिरत राहतात. थांबवलेल्या चातीला कुणी गद्दार म्हणत नाही. न थांबवता सांधायला जाल तर बोट कापून घ्याल.

आता बाबासाहेबांकडं बघा. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलो हे आपल्याला पाठ आहे. डिसेंबरात त्याच महाडला काय झालं ते आपण सभेत कमी सांगतो. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. हजारो लोक तळ्यावर सत्याग्रह करायच्या तयारीनं आले होते. पण सवर्णांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला होता. लोक म्हणत होते, जायचंच, मग काय व्हायचं ते होवो. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करायला लावला. मिरवणूक निघाली, पण पाण्याला हात लागला नाही. आपण त्या मांडवात असतो तर? खरं सांगा. आपल्यातल्या किती जणांच्या तोंडातून तो शब्द निघाला असता? माझ्या नक्की निघाला असता. पण त्यांनी चळवळीचं इंजिन बंद केलं नव्हतं. क्लच दाबून गिअर बदलला होता. रस्त्यावरची लढाई कोर्टात गेली, दहा वर्षं चालली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

दुसरं घ्या, आमच्या गिरणीतलं. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. कांडीचा धागा धोट्यातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ चालत नसे. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. १९२९ ला कम्युनिस्टांनी पुन्हा संप पुकारला, त्याला त्यांनी विरोध केला. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांच्या संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध त्याच कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. तोच माणूस, तीच माणसं. एकदा सोडलं, एकदा धरलं. दोन्ही वेळा लिव्हर त्यांच्या हातात होती. १९३५ ला येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही म्हणाले आणि दीक्षा घेतली १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्यांना कुणी बोल लावले नसतील असं समजू नका.

आता सोडता न आल्यानं काय होतं ते सांगतो, घरातलंच. माझा आजा मुंबईला गिरणीत होता, साच्यावर नाही, सूतखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. मालकांनी डाव साधला, गिरण्यांखालच्या जमिनी पुढं सोन्याच्या झाल्या, दोष त्यांचा. कामगारांचा राग शंभर टक्के खरा होता. पण परत फिरायची अब्रूची वाट कुणी ठेवली नव्हती. वर्षभर आज्यानं कळ काढली. आजीची डोरली गेली, घरातली भांडी गेली. मग एका सकाळी तो डबा घेऊन गिरणीच्या गेटातून आत गेला. चाळीत त्याचं नाव पडलं, गद्दार. ज्यांनी नाव ठेवलं तेही पुढं सहा महिन्यांनी कामावर गेले किंवा गावाला गेले, पण नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. भिंगारला परत आल्यावरही तो संपाचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. मी हे लहानपणी बघितलंय. आणि तरी मोठा होऊन तोच शब्द मी मित्राच्या तोंडावर मारला.

का मारला? खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. तो सुटला तर मलाही सुटावंसं वाटेल. माझीही आई थकलीय, मीही रात्रपाळ्या करून बैठकीला बसतो. त्याला शिवी देऊन मी स्वतःलाच बांधून घेत होतो. आणि पुढचा अन्याय तर अजून मोठा. सात-आठ महिन्यांसाठी सुटलेला माणूस. तात्या हिंडा-फिरायला लागल्यावर तो परत आला असता. माझ्या शब्दानं त्याची वाट बंद केली. तीन वर्षं तो आला नाही, तेव्हा आम्हीच म्हणालो, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? गद्दारच निघाला. आपण आधी शिक्का मारतो आणि मग शिक्क्यालाच पुरावा म्हणतो.

इथं कुणीतरी उठून म्हणेल, थांब कॉम्रेड, मग पुढाऱ्यांचं काय? खुर्ची मिळाली की तेही म्हणतात, आम्ही सोडलं नाही, जरा थांबलोय. १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. १९७२ ची पँथर १९७४ ला फुटली. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला गद्दार म्हणतो आणि स्वतःच्या तडजोडीला डावपेच म्हणतो. मग ओळखायचं कसं?

शंका रास्त आहे. मी गॅरेजमधलंच उत्तर देतो. पहिलं बघा, इंजिन चालू आहे का. माझा मित्र तीन वर्षांत एकाही बैठकीला आला नाही, पण त्याच्या गॅरेजमध्ये वस्तीतली दोन पोरं काम शिकली आणि आज स्वतःच्या हातावर उभी आहेत. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोवर धूळ नव्हती. दुसरं बघा, पुढं गिअर आहे का. क्लच दाबतात तो गिअर बदलायला नाहीतर थांबायला. बदल काहीच नाही आणि वर्षानुवर्षं लिव्हर दाबलेली, तर आतल्या गोष्टी झिजून जातात. तिसरं बघा, गाडी चढावर आहे की उतारावर. काही जण उतारावर क्लच दाबून गाडी सोडून देतात. पेट्रोल वाचतं, वारा लागतो, वेग आपला आहे असं वाटतं. तो वेग उताराचा असतो. आधीच्या पिढीनं रक्त आटवून जी उंची गाठली, तिच्यावरून हे पुढारी घरंगळत चाललेत. त्यांना मी थांबलेले म्हणणार नाही.

आणि दुसरा रोगही आहे, उलटा. प्लेटी झिजून गुळगुळीत झाल्या, स्प्रिंगा थकल्या किंवा नको ते तेल पडलं की क्लच धरतच नाही, घसरतो. इंजिन ओरडतं, धूर निघतो, चाक जागचं हलत नाही. स्टेजवर असे क्लच पुष्कळ आहेत. आवाजावरून लोक फसतात. माझं म्हणणं एवढंच की घसरणाऱ्याच्या रागापायी सुटणाऱ्याला मारू नका. दोघांचं दुखणं वेगळं, इलाज वेगळा. आधी केबल बघा. म्हणजे आधी त्याच्या घरी जा, काय झालंय ते विचारा. आम्ही विहारातून तात्यांच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो नव्हतो. अंतर वीस मिनिटांचं होतं.

शेजारच्या ताईला मी नवं पिंप आणून दिलं. पोरगी अजून गाडी दिसली की आईच्या मागं लपते. चळवळ थांबता येत नाही अशी झाली की पिंपामागं कोण उभं आहे ते तिला दिसत नाही. घोषणा देणारे आपण मोठे लोक, आदळतं ते भलत्यावरच. हे मी आता विसरणार नाही.

१ जानेवारीला आम्ही दोघं गेलो. गाडी त्यानं चालवली, मी मागं. शिक्रापूरच्या पुढं गर्दीच गर्दी. त्यानं शंभरदा क्लच दाबला असेल, शंभरदा सोडला असेल. गाडी अलीकडंच लावली आणि स्तंभापर्यंत माणसांच्या लोंढ्यातून चालत गेलो. वाटेत पक्षाचा विषय निघाला. त्याचा गट वेगळा, माझा वेगळा, तो आजही वेगळाच आहे. शिरूरला चहाच्या टपरीवर आम्ही पाऊण तास भांडलो. भांडून झाल्यावर पैसे त्यानं दिले.

मी जे बोललो होतो ते चारचौघांत बोललो होतो. तेव्हा कानात माफी मागून भागणार नाही. म्हणून इथं लिहून, छापून मागं घेतो. तो विकला गेला नव्हता. बाप आजारी होता म्हणून त्यानं हात सोडला होता. मी खोटं बोललो.

आमच्या मंडळात आता एक पद्धत पाडलीय. ज्याला काही दिवस बाजूला व्हायचंय त्यानं उभं राहून सांगायचं, किती दिवस ते सांगायचं. बाकीच्यांनी एकच विचारायचं, घरी काय लागतंय? मुदत संपली की दोघांनी जाऊन त्याला घेऊन यायचं. तुमच्या गावात, तुमच्या शाखेत असा कुणी असेल, ज्याला तुम्ही शब्द लावून बाहेर ठेवलाय, तर हा अंक वाचून झाल्यावर त्याच्या घराकडं निघा. फार वर्षं उभं राहिलं तर उघडावं लागतं. लवकर गेलात तर कदाचित रातभर लिव्हर बांधून ठेवण्यावरच भागेल.